'फुकट' वायफायचा हिशेब

म्हसा म्हटलं की पौष पौर्णिमेची यात्रा आठवते आणि यात्रेतला बैलबाजार. तिथे 'बैल गरीब आहे' असं कुणी सांगितलं म्हणून आपण लगेच पैसे मोजत नाही. दात बघतो, चालवून बघतो. पण 'वायफाय फुकट' असं पत्रक हातात पडलं, की मात्र सरळ फोन लावतो.

यात फुकट काय असतं? बहुतेक वेळा इंटरनेट नसतंच. राउटर आणि जोडणी असते. समजा, प्लॅन महिन्याला ३९९ रुपयांचा आहे. जोडणी फुकट हवी तर बारा महिन्यांचे पैसे आधी भरा, म्हणजे ४,७८८. त्यावर १८ टक्के जीएसटी. खिशातून गेले साधारण ५,६५०. शिवाय राउटर आपला नाहीच, कनेक्शन बंद केलं की परत द्यायचा. आणि तार आपल्या पाड्यापर्यंत येते का, हे पैसे भरल्यावर कळणार!

जिओफोन आठवतोय? जुलै २०१७ मध्ये तो 'प्रत्यक्षात फुकट' म्हणून जाहीर झाला. अनामत १,५०० रुपये, तीन वर्षांनी परत. बुकिंग झाल्यावर अटी नीट समजल्या: अनामत हवी तर वर्षाला किमान १,५०० रुपयांचं रिचार्ज करायचं आणि शेवटी फोनही परत द्यायचा.

आता कायद्याकडे येऊ. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी फसव्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. वस्तू आणण्याचा किंवा पोचवण्याचा अटळ खर्च सोडून ग्राहकाला काहीही मोजावं लागणार असेल, तर त्या वस्तूला 'मोफत' म्हणता येत नाही. आम्हाला त्याहून कामाचं वाटतं ते दुसरं कलम: दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत. 'फुकट' मराठीत ठळक आणि अटी इंग्रजीत मुंगीएवढ्या, हे चालत नाही. पहिल्या वेळी दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण पत्रक फेकू नका, फलकाचा फोटो काढून ठेवा, पावती मागून घ्या. एजंट तोंडी काय बोलला होता, ते नंतर कसं दाखवणार?

ज्यांनी आज पत्रकं बरोबर आणलीत, त्यांनी ती पुढे द्या. मागची बाजू आपण एकत्र वाचू.