नायगावहून लिहिलेली पत्रं

आज घरगुती पत्रांविषयी बोलू. मोबाईल यायच्या आधी आपल्या भोर-वेल्ह्यातल्या बऱ्याच घरांचा कारभार पत्रांवरच चालायचा. माणूस कामाला मुंबईला, बायको इकडं शेतीवर. पोस्टमन कार्ड टाकून जायचा. जिला वाचता येत नव्हतं ती ते मास्तरांकडून नाहीतर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्यायची, आणि उत्तरही त्यांच्याच हातून जायचं. आता परक्या माणसासमोर बाई नवऱ्याला काय सांगणार? इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी. सासूशी बिनसलंय, दिवस गेलेत, पैसे पुरत नाहीत, हे सगळं पोटातच राहायचं.

जुन्या वाड्यांतही फार वेगळं नव्हतं. पेशवाईतली पत्रं मोडी लिपीत, बरीचशी कारकुनाच्या हातची. वडिलांना तीर्थरूप, मुलाला चिरंजीव, असे मायने ठरलेले. बाईच्या नावाआधी सौभाग्यवती लिहिलंय की गंगाभागीरथी, यावरून तिचा नवरा आहे की गेला ते कळायचं. पुरुषाची बायको गेली हे मात्र त्याच्या मायन्यावरून कळत नसे, ही आमची आपली नोंद.

म्हणून सावित्रीबाई फुल्यांनी जोतीरावांना लिहिलेली पत्रं आम्हाला इतकी मोलाची वाटतात. त्यांचं माहेर नायगाव आपल्या शेजारचंच. सारोळ्याचा पूल ओलांडला की शिरवळ, आणि तिथून जवळ नायगाव. सावित्रीबाई लग्नानंतर जोतीरावांकडून लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांची तीन पत्रं आज छापलेली मिळतात.

पहिलं पत्र १० ऑक्टोबर १८५६ चं, नायगावहून. त्या आजारी होत्या आणि माहेरी येऊन राहिल्या होत्या. भावानं शुश्रूषा केली, पण बोलही लावला: तुम्ही दोघं महार-मांगांसाठी काम करता, हे कुळाला शोभत नाही, जातीच्या रीतीनं वागा. माहेरच्या उंबऱ्याच्या आत भावानं असं बोलल्यावर आपण काय केलं असतं? सावित्रीबाईंनी त्याला उत्तर दिलं. गाई-शेळ्यांना तू कुरवाळतोस, नागपंचमीला सापाला दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसांचा विटाळ कसा मानतोस, असं विचारलं. आणि हे सगळं, भाऊ काय म्हणाला, आपण काय म्हणालो, आईला काय वाटलं, नवऱ्याला लिहून कळवलं. मास्तरांना सांगून हे लिहून घेता आलं असतं का?

दुसरं पत्र २९ ऑगस्ट १८६८ चं, तेही नायगावचंच. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरायचा. त्याचं शारजा नावाच्या महार मुलीवर प्रेम बसलं आणि तिला सहा महिने गेले होते. गाव दोघांना मारायला निघालं. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांचा जीव वाचवला. मग त्यांना जोतीरावांकडं पाठवून दिलं. ही हकिकत पत्रात राहिली म्हणून आज आपल्याला कळते.

तिसरं पत्र जुन्नरजवळच्या ओतूरहून, २० एप्रिल १८७७ चं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. जनावरं मरताहेत, नद्या आटल्यात, लोक गाव सोडून चाललेत. सत्यशोधक समाजाचे पन्नास कार्यकर्ते पोलिसांनी धरले, तेव्हा त्या कलेक्टरशी बोलल्या आणि ते सुटले. आजारपणातल्या पहिल्या पत्रापासून इथपर्यंत साडेवीस वर्षं गेली होती. तिन्ही पत्रं एकापुढे एक वाचली की पत्नी नवऱ्याला कामाचा अहवाल देत होती हे ध्यानात येतं.

अमेरिकेतही अशी एक जोडी होऊन गेली. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स शाळेत गेली नव्हती, घरच्या पुस्तकांवर शिकली. नवरा जॉन राजकारणात, घरापासून दूर. शेती, कर्ज, मुलं सगळं तिच्यावर. दोघांची हजाराहून जास्त पत्रं उरली आहेत. नवा देश उभा राहत होता तेव्हा, १७७६ साली, तिनं त्याला लिहिलं की कायदे कराल तेव्हा बायकांचा विसर पडू देऊ नका. जॉननं हसण्यावारी नेलं. पुढं तो अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. तिकडं तेव्हा टपालाचे पैसे कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर ठरत, आणि बहुधा पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत. म्हणून एकाच कागदावर आधी सरळ, मग तो फिरवून त्याच ओळींवरून आडवं लिहायची रीत होती. आपल्याकडं १८५४ साली हिंदुस्थानात कुठंही अर्ध्या आण्यात हलकं पत्र जाऊ लागलं, तेव्हा कुठं टपाल साध्या माणसाच्या आवाक्यात आलं. अ‍ॅबिगेलची पत्रं नातवानं १८४० मध्ये छापली. त्याच साली सावित्रीबाईंचं लग्न झालं. मोठ्या घरात कागद सांभाळायला कपाट असतं, सांभाळणारं माणूसही असतं. आपल्याकडं पत्र्याची पेटी असते, आणि दिवाळीच्या साफसफाईत तीच आधी रिकामी होते.

तर पेटीत निळी अंतर्देशीय पत्रं, कार्डं असतील तर थोडं थांबा. टाचण्या गंजतात, त्या काढून टाका. लॅमिनेशन करू नका, कागद त्यातून परत सुटत नाही. पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख आणि गाव दिसतं, ते वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. पत्र कुणी, कुणाला लिहिलं तेही घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारून घ्या. मोडीतला जुना कागद निघाला तर पुण्यात सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करता येईल. मोबाईलवर फोटो जरूर काढा, पण गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायच्या आधी ज्या बाईचं पत्र आहे तिला विचारा. ती नसेल तर तिच्या मुलींना.