जुना संगणक भंगारात घालू नका!

सोलापूरकरांनो, विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कंपनीच्या यादीप्रमाणे विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. म्हणजे घरातला चालता डबा बाद? मुळीच नाही. लिनक्स टाका, फुकट आहे.

कोणतं? पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं ‘बॉस’ आहे, डेबियनवर बेतलेलं. अभिमान आहेच, पण नवशिक्याला मी लिनक्स मिंटच सुचवतो. अडलं तर मदत पटकन सापडते. त्यातही रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई आवृत्ती घ्या, हलकी आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील.

लगेच हार्ड डिस्क पुसू नका हं! ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट चढवून त्यावरूनच संगणक सुरू करा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतो का बघा. पसंत पडलं तरच बसवा, तेही आधी फोटो-कागदपत्रांची प्रत काढून.

मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट कळफलक आयताच मिळतो, लिबरऑफिसही सोबत येतं. मात्र नवी पेठेतल्या दुकानदारांनो, टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. श्रीलिपीत काम करणाऱ्या डीटीपीवाल्यांनीही घाई करू नये. तुमची जुनी विंडोज राहू द्या, फक्त इंटरनेटपासून लांब ठेवा.

अडलं तर कमेंटमध्ये संगणकाचं मॉडेल आणि रॅम लिहा.