बॉस, गाडी ओढत नाहीये!

घर ते ऑफिस, ऑफिस ते घर. सिग्नलमागून सिग्नल आणि डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. तुमचीही असतात ना? माझीही असायची. त्या रविवारपर्यंत!

बाबांना मागे बसवून पुण्याहून वाईला निघालो होतो. मेणवलीचा घाट बघायचा, संध्याकाळी परत, एवढाच प्लॅन. पण खंबाटकीच्या चढावर गाडीने दगा दिला. रेस दिली की इंजिन किंचाळायचं, स्पीड मात्र कमीच होत जायचा. त्यात जळका वास आणि मागे ट्रकचा हॉर्न! कसाबसा कडेला आलो. बाबा शांतपणे उतरले. 'तू घे गाडी पुढे, मी येतो चालत.' साठी ओलांडलेला माणूस माझ्या गाडीपायी भर उन्हात घाट चढत होता. आरशात ते दिसत होते आणि मला जाम लाज वाटत होती.

घाट उतरल्यावर एक छोटं गॅरेज दिसलं. तिथल्या काकांनी काहीच खोललं नाही. नुसता क्लचचा लिव्हर हलवून बघितला. 'साहेब, वायर एवढी कोणी ताणली?' अर्थात मीच! आठवड्यापूर्वी क्लच 'सैल' वाटला म्हणून आवळला होता.

फंडा सोपा आहे. क्लचमध्ये घर्षणाच्या आणि स्टीलच्या प्लेट्स एकाआड एक बसवलेल्या असतात. स्प्रिंग त्यांना घट्ट दाबून ठेवतात, लिव्हर ओढला की त्या सुटतात. वायर ताणलेली असेल किंवा बोटं सतत लिव्हरवर असतील, तर प्लेट्स अर्धवट सुटलेल्या राहतात. मग त्या घासतात आणि जळतात.

म्हणून आधी 'प्ले' तपासा. लिव्हरचं टोक किंचित मोकळं हललं पाहिजे. बऱ्याच कम्युटर बाइक्सना १० ते २० मिमी प्ले लागतो, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये सापडेल. लॉक नट सैल करा, अ‍ॅडजस्टर आत फिरवला की प्ले वाढतो. उलट सिग्नलला क्लच दाबूनही गाडी पुढे सरकत असेल, न्यूट्रल सापडत नसेल, तर वायर बहुधा सैल आहे. लिव्हरपाशी वायरच्या तारा सुटलेल्या दिसल्या, तर आजच बदला.

ऑइलही बघा. बहुतेक बाइक्सचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे घटक असतात, त्यामुळे तो घसरू शकतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं आहे ना, हे वाचूनच घ्या.

एवढं करूनही चढावर घसरतोय? मग प्लेट्स गेल्या. नवा सेट बसवण्याआधी ऑइलमध्ये भिजवायला सांगा आणि स्प्रिंगची लांबीही मोजून घ्या.

माझ्या प्लेट्स जळल्याच होत्या. वायर सैल केल्यावर गाडी घरापर्यंत आली खरी, पण पुण्यात आल्यावर अख्खा सेट बदलावा लागला. तेव्हापासून गिअर बदलला की माझी बोटं परत हँडलवर.

गेल्या महिन्यात पुन्हा वाईला गेलो. खंबाटकीत बाबा मागेच बसले होते.