पट्ट्यांचा स्वेटर, चार तुकड्यांत

पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या सपाट विणून मग जोडायच्या. आडव्या पट्ट्यांसाठी रंग २, ४, ६ अशा सम ओळींनंतर बदलावा; म्हणजे आधीचा धागा त्याच कडेला राहतो आणि न तोडता वर नेता येतो. रंगांचे ठोकळे शेजारी-शेजारी हवे असतील, तर प्रत्येकाचा गुंडा वेगळा. रंग बदलताना मागच्या बाजूला दोन्ही धाग्यांना पीळ द्यायलाच हवा, नाहीतर तिथे उभी फट पडते. (गुंडे गुंततात, इलाज नाही.) पाठ-पुढ्याची लांबी टेपने मोजून भागत नाही. लोकर ताणते आणि शिवणीवर पट्टे खालीवर होतात, म्हणून ओळीच मोजाव्यात. पांढऱ्याशेजारी गडद लाल घेणार असाल, तर आधी छोटा नमुना विणून धुऊन पाहा.