अंग एकाचे, अस्तर दुसऱ्याचे

कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात रात्रभर राहिलेले ताक सकाळी कळकते, हे आपल्या घरातील आजीला कोणी शिकवावे लागले नाही. असे ताक चुकून कोणी प्यालेच तर मळमळ आणि ओकारी ठरलेली. यात दोष ताकाचा नाही आणि पितळेचाही नाही, असे आम्हांस वाटते. एकाच धातूने सारी कामे करावीत, ही आपली अपेक्षाच चुकीची.

तांब्याचे गुण पाहा. स्टेनलेस पोलादाच्या सुमारे पंचवीसपट उष्णता ते वाहून नेते. ठोकले तर फुटत नाही, पसरते. म्हणून तर पुण्याच्या तांबट आळीत पत्र्यांतून हंडे आणि बंब घडले. तांब्यात जस्त मिसळले की पितळ. ते अधिक कठीण. पण आंबट दोघांनाही सोसत नाही. ताक, चिंच, आमसूल यांतील आम्ल आणि हवेतील प्राणवायू यांच्यामुळे तांब्याचे क्षार होतात आणि अन्नात उतरतात.

कथील नेमके उलट. आंबटाला ते फारशी दाद देत नाही, पण मऊ आणि दुबळे. तांबे वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात. कथील २३२ अंशांलाच पाणी होते. कल्हईवाल्याने हा दुबळेपणाच कामाला लावला. भात्याने निखारे फुलवायचे, भांडे तापवायचे, नवसागराची पूड टाकून कथिलाची कांडी टेकवायची आणि बोळा फिरवायचा. नवसागर तापला की तांब्यावरचा गंज खाऊन टाकतो. त्याशिवाय कथील धरत नाही, थेंब थेंब होऊन घरंगळते. याच कारणाने कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये. आत पाणी असेपर्यंत ते शंभराच्या आसपास राहते. कोरडे पडले की कल्हई गेलीच म्हणून समजा.

खरी भीती शिशाची. ते कथिलापेक्षा स्वस्त, त्यात सहज मिसळणारे, आणि शरीरात साठत जाणारे विष. मुलांना तर फारच घातक. शुद्ध कथिलाची कांडी वाकवली की करकरते, शिसे मुकाट वाकते. मात्र थोड्या भेसळीपुढे ही परीक्षा अपुरी. कल्हईवाला माहितीचा असावा हे बरे.

१९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी लोखंडात क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद केले. त्याचे अस्तर हवाच घालते. क्रोमियम आणि प्राणवायू यांचा हा थर मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाहूनही पातळ असतो. ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. कल्हईची कटकट संपली खरी, पण उष्णता पसरेना आणि दूध तळाला लागू लागले. मग काही कारखानदारांनी स्टीलच्या भांड्याला बाहेरून तांब्याचा तळ दिला. आमच्या घरी तो तळ चिंचेने घासून लख्ख करतात.