नवे वाद्यवृंद कसे ओळखावे ?

वैशाखऱ्यासारख्या डोंगरपायथ्याच्या गांवीं राहून दूरदेशींच्या गिटारवाल्या वाद्यवृंदांची चर्चा करावी, हें कोणास विचित्र वाटेल. परंतु त्यांचा नाद मोबाईलमधून आपल्या पाड्यापाड्यांवर येऊन पोहोंचला आहे. तेव्हां तो आला कोठून, आणि त्यांतील नवें व सकस कसें निवडावें, याचा विचार अप्रासंगिक होणार नाहीं.

या संगीताचें मूळ 'ब्लूज' नामक गायनांत आहे. अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें संपली, पण दक्षिणेकडील कृष्णवर्णीय लोकांचें दैन्य संपलें नाहीं. त्यांचीं शेतावरील श्रमगीतें व प्रार्थनामंदिरांतील भक्तिगीतें यांच्या संगमांतून ब्लूज जन्मास आलें. त्याची घडण साधी आहे : एक ओळ म्हणावी, तीच पुन्हा म्हणावी, व तिसऱ्या ओळीनें तिला उत्तर द्यावें, चार चार मात्रांच्या बारा खंडांत बहुधा कडवें पुरें होतें. आपल्याकडे शेतावर भलरी म्हणतांना एकानें ओळ सोडावी व इतरांनीं ती झेलावी, त्याच जातीचें हें गाणें होय. १९४३ सालीं मडी वॉटर्स हा गायक मिसिसिपी प्रांत सोडून शिकागोस गेला, व तेथें त्यानें हें गाणें विजेच्या गिटारीवर चढविलें. पुढें इंग्लंडांतील तरुणांनीं तें उचललें; १९६२ सालीं लंडनांत जमलेल्या रोलिंग स्टोन्स या वृंदानें तर आपलें नांवच वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलें. ब्लूज-रॉक तो हाच.

आपल्या देशांतही ही परंपरा रुजली. शिलाँग येथें २००३ सालीं रूडी वॉलांग व टिप्रिती खारबंगार यांनीं 'सोलमेट' हा वृंद स्थापिला. मुंबईंत २०११ सालीं ब्लूजचा स्वतंत्र महोत्सव सुरू झाला.

आतां 'इंडी' म्हणजे काय ? जो वृंद मोठ्या कंपनीच्या भांडवलावर न विसंबतां स्वतःचीं गाणीं स्वतः ध्वनिमुद्रित करितो, तो इंडी, अर्थात् स्वतंत्र. अशा वृंदापाशीं जाहिरातीस द्रव्य नसतें. त्यांतच मोबाईलवरील यादी, जें पुष्कळांनीं ऐकिलें तेंच पुढें करिते. यामुळें गुणी परंतु नवा वृंद मागें राहतो, व ऐकणाराच न मिळाल्यास दोनचार वर्षांत मोडतो. म्हणून श्रोत्यानेंच शोधास निघालें पाहिजे.

याची रीत अशी. आवडलेला एक वृंद घ्यावा. त्यानें कोणाचें ऐकून विद्या मिळविली व त्याच्या संगतीस कोण वाजवितो, हें पाहावें. महोत्सवाच्या पत्रिकेंत ठळक अक्षरांतील नांवें सोडून खालचीं बारीक नांवें वाचावीं. उद्यांचे मोठे वृंद बहुधा तेथेंच असतात. गाणें तीन वेळां ऐकावें : एकदां चालीसाठीं, एकदां शब्दांसाठीं, एकदां केवळ एका वाद्यासाठीं. ज्यांत गाणाराची स्वतःची भाषा, गांव व दुःख उमटलें असेल, तें नवें. केवळ दुसऱ्याची नक्कल असेल, तें कालपरवां निघालें तरी जुनेंच. आणि आवडलें तर वृंदाचें नांव घेऊन मित्रास सांगावें. त्याच्याजवळ दुसरी जाहिरात नाहीं.

हाच कान घरींही लावावा. भलरी येणारीं वृद्ध माणसें आपल्या पाड्यांवर थोडींच उरलीं आहेत. त्यांच्यापाशीं बसून गाणीं उतरून घेण्यास यंदाच्या सुटीचा उपयोग व्हावा, अशी आमची इच्छा आहे.