ओझे, आहार आणि हाडांची बळकटी

मुळा धरणाचे पाणी कालव्यांतून खेळू लागल्यानंतर राहुरी तालुक्यात उसाचे क्षेत्र वाढले, आणि उसाबरोबर दर हिवाळ्यात तोडणी कामगारांच्या टोळ्याही येऊ लागल्या. फडात पुरुष ऊस तोडतो, बाई तो गोळा करून मोळी बांधते आणि दोघेही मोळ्या डोक्यावर घेऊन, गाडीला टेकविलेल्या अरुंद फळीवरून चढून भरतात. मोळीचे वजन पंचवीस-तीस किलो सहज भरते. दिवसाकाठी अशा किती खेपा होतात, याचा हिशोब कोणी ठेवीत नाही.

शहरांतील उद्यानांत आणि व्यायामशाळांत याच्या नेमके उलट दृश्य अलीकडे दिसू लागले आहे. पन्नाशी उलटलेल्या स्त्रिया लोखंडाची किंवा वाळूची लहान लहान वजने शिवलेली बंडी अंगात घालून चालतात. अंगावर ओझे असले की हाडे घट्ट होतात, असे त्यांनी ऐकलेले असते. हे जर खरे असेल, तर फडातील बाईची हाडे सर्वांत भक्कम असावयास हवीत. कष्टकरी स्त्रियांच्या हाडांची मोजणी झाली, तेव्हा मात्र निराळेच चित्र पुढे आले. ते समजून घेण्यासाठी हाड ओझ्याला कसे जुमानते, हे आधी पाहावे लागते.

हाड हे वाळक्या लाकडासारखे निर्जीव असते, ही समजूत चुकीची आहे. जुन्या वाड्याची डागडुजी करताना आधी कुजलेली तुळई काढतात आणि मग नवी बसवितात, तसेच काम हाडात आयुष्यभर चालू असते. एका प्रकारच्या पेशी जुने हाड झिजवितात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी त्या जागी नवे बांधतात. कोठे बांधावयाचे हे त्या भागावर पडणाऱ्या ताणावरून ठरते. जर्मन शल्यचिकित्सक युलियस वोल्फ यांनी १८९२ साली हा नियम ग्रंथरूपाने मांडला. टेनिसपटूंच्या खेळणाऱ्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आढळते, ते याच कारणाने. याउलट अंतराळात वजनच नसते. तेथे महिनोन्महिने राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडातील खनिज दरमहा एक ते दीड टक्क्याने घटते. तालमीत गळ्यात दगडी कडे अडकवून बैठका मारणाऱ्या पैलवानांना वोल्फ यांचा नियम ठाऊक नव्हता, पण त्यांची रीत त्या नियमाला धरूनच होती.

तथापि जितके ओझे अधिक तितके हाड अधिक, असा सरळ हिशोब मात्र नाही. १९८४ साली रुबिन आणि लॅनियन या शास्त्रज्ञांनी कोंबड्याच्या पंखातील हाडावर केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. त्या हाडावर काहीच ताण पडू दिला नाही, तेव्हा ते झिजले. दिवसातून केवळ ४ वेळा ताण दिला, तेव्हा झीज थांबली. ३६ वेळा दिला, तेव्हा हाडात भर पडली. पुढे ताणांची संख्या १,८०० वर नेली, तरी ३६ ताणांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. याचा अर्थ हाडाला संदेश पोहोचण्यास थोडे पण जोरकस आणि निरनिराळ्या दिशांचे हिसके पुरतात. त्यानंतर चालू राहिलेला त्याच प्रकारचा श्रम सांधे, स्नायू आणि पाठ यांनाच थकवितो. दिवसभर एकाच चालीने वाहिलेल्या मोळ्या हाडाच्या दृष्टीने पहिल्या काही खेपांनंतर फारसे काही देत नाहीत, असे यावरून अनुमान निघते.

वजनाच्या बंडीची परीक्षा

बंडीसंबंधीचे प्रयोगही हेच सुचवितात. अमेरिकेतील ओरेगॉन राज्य विद्यापीठात झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रजोनिवृत्तीनंतरच्या १८ स्त्रियांचे ५ वर्षे निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ९ जणी वजनाची बंडी घालून व्यायाम करीत आणि त्या व्यायामात उड्यांचा समावेश होता. त्यांच्या खुब्याच्या मानेतील खनिज टिकून राहिले, किंबहुना किंचित वाढले. व्यायाम न करणाऱ्या ९ जणींमध्ये ते चार टक्क्यांहून अधिक घटले. स्त्रियांची संख्या थोडी असली तरी कालावधी दीर्घ होता, म्हणून या निष्कर्षाची दखल घेतली गेली.

त्यानंतर २०२५ साली अमेरिकेतीलच वेक फॉरेस्ट विद्यापीठाने १५० वयस्क, स्थूल व्यक्तींवरील वर्षभराच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आहार कमी करून वजन उतरविणाऱ्या या व्यक्तींपैकी एका गटाला दिवसातील बराच वेळ वजनाची बंडी घालावयास सांगण्यात आले होते. शरीराचे वजन सर्वच गटांत उतरले आणि खुब्याचे हाडही सर्वच गटांत घटले. नुसती बंडी घालून वावरल्याने ते वाचले नाही. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या प्रयोगात १०१ स्त्रियांपैकी एका गटाने आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलली आणि उड्या मारल्या. ८ महिन्यांत त्यांच्या कण्यातील खनिज जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढले. म्हणजे लाभ आहे तो धक्क्याचा आणि जोराचा; बंडी हे त्याचे एक साधन, तेही दुय्यम.

गवंडी आहे, पण चुना नाही

आता कष्टकरी स्त्रियांकडे वळता येईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने अल्प उत्पन्न गटातील ३० ते ६० वर्षे वयाच्या २८९ स्त्रियांच्या हाडांची घनता मोजली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ती प्रगत देशांतील स्त्रियांच्या तुलनेने बरीच कमी आढळली. त्यांच्या रोजच्या आहारात कॅल्शियम होते सुमारे २७० मिलिग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सुधारलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ व्यक्तीला ते रोज १,००० मिलिग्रॅम आणि रजोनिवृत्तीनंतर १,२०० मिलिग्रॅम हवे. कष्टाने हाड बांधण्याचा हुकूम सुटतो, परंतु चुनाच नसेल तर गवंडी काय बांधणार?

तोडणी कामगार स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट गंभीर आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने समिती नेमली होती. २०१९ च्या तिच्या अहवालानुसार पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. गर्भाशयाबरोबर बीजाशयेही काढली गेली, तर हाडांचे रक्षण करणारा स्त्रीसंप्रेरकाचा पुरवठा एकाएकी थांबतो आणि पन्नाशीनंतर सुरू व्हावयाची झीज तिशी-चाळिशीतच सुरू होते. बीजाशये राखली तरी रजोनिवृत्ती काहीशी अलीकडे येते. अशा स्त्रियांच्या आहाराकडे आणि हाडांकडे आरोग्य उपकेंद्राने स्वतंत्रपणे लक्ष देणे अगत्याचे आहे. हंगामासाठी बाहेरून आलेली टोळी आपल्या गावच्या यादीत नाही, हे त्यासाठी कारण होऊ शकत नाही.

चुन्याचा प्रश्न राहुरीसारख्या तालुक्यात खरे तर अवघड नसावा. १९६८ साली स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाने, म्हणजे आजच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने, ‘फुले त्रिवेणी’ ही अधिक दूध देणारी संकरित गाय तयार केली आणि ‘फुले नाचणी’ हे वाणही शेतकऱ्यांना दिले. गाईच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. १०० ग्रॅम नाचणीत ते ३६० मिलिग्रॅमच्या घरात असते. ज्वारी आणि बाजरीत तीसही भरत नाही. पांढऱ्या तिळात तर ते १,२०० च्या वर जाते. रोजच्या भाकऱ्यांपैकी एक नाचणीची केली आणि जोडीला दोन चमचे तिळाची चटणी घेतली, तरी तीनशेच्या आसपास भर पडते. दुधाचे मात्र असे की ते पहाटेच संकलन केंद्रावर जाते आणि धार काढणाऱ्या बाईच्या वाट्याला चहापुरते उरते. घरातील एक पेला दूध तिच्यासाठी राखून ठेवणे हा आरोग्याच्या कोणत्याही योजनेपेक्षा स्वस्त उपाय आहे.

हाडाचा पाया आईच्या पोटातच घातला जातो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास हाती घेतला. त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या हाडांची मोजणी करण्यात आली. गरोदरपणात दूध, डाळी, पालेभाज्या असे कॅल्शियमयुक्त पदार्थ वारंवार खाणाऱ्या मातांच्या मुलांची हाडे अधिक भरीव आढळली.

पुढे वाढीच्या वयात, विशेषतः वयात येण्याच्या सुमारास, हाड सर्वांत झपाट्याने भरते. तिशीपर्यंत जमा झालेले भांडवलच उतारवयात खर्चावयाचे असते. या वयात वजनाच्या बंडीची मुळीच आवश्यकता नाही. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, फुगडी यांत हाडांना हवे ते सर्व हिसके मिळतात. सातवी-आठवीपासून मुलींचे खेळ बंद पडतात, ते बंद पडू न देणे हे शाळेच्या हाती आहे. मैदानावरील दहा मिनिटांच्या उड्यांना कोणतेही अनुदान लागत नाही.

चाळिशीनंतर ज्यांना बंडी वापरावयाची असेल, त्यांनी शरीराच्या वजनाच्या पाच टक्क्यांपासून, म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीने अडीच किलोपासून आरंभ करावा आणि सावकाश वाढवीत दहा टक्क्यांवर थांबावे. वजन पाठीवर व छातीवर सारखे विभागलेले असावे. चालण्यास चढ-उताराची किंवा पायऱ्यांची जोड द्यावी. ज्यांच्या कण्याचा मणका पूर्वी दबला आहे, गुडघे किंवा पाठ दुखते, अंग बाहेर येते अशा स्त्रियांनी तसेच गर्भवतींनी ती घालू नये. दिवसभर डोक्यावर हंडा, मोळी किंवा गवताचा भारा वाहणाऱ्या बाईला आणखी ओझ्याचा सल्ला देणे हा तर क्रूर विनोद ठरेल. तिला हवे आहे अन्न आणि विश्रांती.

गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत शासकीय आरोग्य केंद्रांतून कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या जातात. दररोज दोन गोळ्या, जेवणाबरोबर, वेगवेगळ्या वेळी घ्यावयाच्या असतात. लोहाच्या गोळीबरोबर त्या एकाच वेळी घेतल्यास लोह अंगी नीट लागत नाही, म्हणून दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवण्यास आशा सेविकांनी सांगावे.